लेकरू दोन वर्षांचे व्हायच्या आत

परदेशी सहलीचे दर विचारायला गेलात की एजंट आधी देश विचारतो. त्याने आधी लेकराची जन्मतारीख विचारायला हवी. तानसा, अघई, खर्डी किंवा मुरबाडकडच्या एखाद्या जोडप्याने लहान मुलाला घेऊन हिवाळ्यात बाहेर पडायचे ठरवले, तर थायलंड की मलेशिया या वादापेक्षा दोन तारखा खर्च जास्त हलवतात. एक लेकराच्या दुसऱ्या वाढदिवसाची, दुसरी निघायची.

विमान कंपन्यांच्या लेखी दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल ‘इन्फंट’. ते आईच्या मांडीवर बसते, त्याला सीट नसते. परदेशी उड्डाणात त्याचे भाडे मोठ्या माणसाच्या साधारण 10 टक्के किंवा स्वस्त कंपन्यांत एक ठरावीक रक्कम. दोन वर्षे झाली की सीट घ्यावीच लागते. मोठ्या कंपन्या त्यावर थोडीफार सूट देतात, स्वस्त कंपन्या बहुधा पूर्ण भाडे लावतात. यातली मेख अशी की वय प्रवासाच्या दिवशीचे धरतात, तिकीट काढल्या दिवशीचे नाही. जाताना मांडीवर गेलेल्या मुलाचा वाढदिवस सहलीतच आला, तर येताना त्याची सीट घ्यावी लागते. वाढदिवस जवळ असेल तर सहल आठ दिवस अलीकडे ओढा. एका तिकिटाचे पैसे वाचतील.

आता निघायची तारीख. 22 डिसेंबर ते 3 जानेवारी हा काळ सगळ्यांत महाग. मुंबई ते बँकॉक जाऊन-येऊन तिकीट एरवी माणशी 20-25 हजारांच्या आसपास धरले, तर नाताळात तेच 35-40 हजारांच्या पुढे जाताना दिसते. जोडप्यामागे 30 हजारांचा फरक, आणि हॉटेलांचे चढे दर वेगळेच. नाताळच्या आठवड्याची सुट्टी इंग्रजी माध्यमाच्या शाळांना. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती एका दिवसाची. ज्या लेकराचे नाव अजून अंगणवाडीच्याही पटावर नाही, त्याच्या आईबापांनी नाताळची गर्दी का अंगावर घ्यावी, हे मला कळत नाही. नोकरीतली रजा मिळत असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा संक्रांतीनंतरचे दिवस निवडा. फक्त सिंगापूर-मलेशियाला जाणार असाल तर चिनी नववर्षाचा आठवडा टाळा. ते दर वर्षी जानेवारीअखेर ते फेब्रुवारी या दरम्यान येते.

पासपोर्ट: पैसे थोडे, खेटे जास्त

सरकारी शुल्क सोपे आहे. 36 पानी पासपोर्टला मोठ्या माणसाचे 1,500 रुपये. अल्पवयीन मुलाचे 1,000 रुपये, आणि आठ वर्षांखालच्या मुलाच्या नव्या पासपोर्टला 10 टक्के सूट, म्हणजे 900. तिघांचे मिळून 3,900. तत्काळ हवा असेल तर माणशी 2,000 जादा. पोलीस पडताळणीचे वेगळे शुल्क नसते. ठाणे ग्रामीणच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात त्यासाठी पैसे द्यायचे नसतात.

खरा वेळ जातो तो जन्मदाखल्यात. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता फक्त जन्मदाखलाच चालतो. दाखला राहत्या गावातून मिळत नाही, जन्म जिथे झाला तिथून मिळतो. बाळंतपण कल्याणच्या दवाखान्यात झाले असेल तर कल्याण-डोंबिवली महापालिका, माहेरी नाशिकला झाले असेल तर नाशिक महापालिका. घरी आणलेला दाखला कपाटातून काढून बघा. बऱ्याच दाखल्यांवर मुलाच्या नावाची जागा कोरीच असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसे झालेले नव्हते. वर्षाच्या आत नाव घालायला विलंब शुल्क नाही. पुढे 15 वर्षांपर्यंत थोडे शुल्क भरून घालता येते. आईचे नाव दाखल्यावर माहेरचे आणि आधारवर सासरचे असले, तर ते आधी जुळवून घ्या. पासपोर्ट केंद्राच्या खिडकीवर अडकणारी बरीच प्रकरणे नावांचीच असतात.

क्रमही महत्त्वाचा. आधी आईबापांचे पासपोर्ट काढा, मग लेकराचा. दोघांचे पासपोर्ट चालू असले की मुलाचे काम बहुधा पोलीस पडताळणीशिवाय होते. ‘ॲनेक्श्चर डी’ या प्रतिज्ञापत्रावर दोघांच्या सह्या लागतात. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो बरोबर न्यावा लागतो, कारण तेवढ्याशा पोराला कॅमेऱ्यासमोर स्थिर बसवणे केंद्रातल्या माणसालाही जमत नाही. लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि बहुतेक देशांना पोचताना त्यात सहा महिने शिल्लक लागतात. मोठ्यांचा जुना पासपोर्टही त्याच नजरेने तपासा.

एकटी आई किंवा एकटा बाप मुलाला नेणार असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्र नोटरी करून बरोबर ठेवा. शहापूर-मुरबाडच्या तहसील कचेरीबाहेर हे काम तासाभरात होते.

कुठला देश लेकराचे पैसे घेतो?

इथे देशादेशांत मोठी तफावत आहे, आणि ती माहितीपत्रकात कुणी ठळक छापत नाही. मलेशियाने भारतीयांना 2026 अखेरपर्यंत 30 दिवसांसाठी व्हिसामाफी दिली आहे. थायलंडने 2024 मध्ये भारतीयांना व्हिसामाफी दिली. तिची मुदत आणि अटी तिकीट काढण्याआधी त्यांच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. दोन्हीकडे डिजिटल आगमन कार्ड मात्र प्रत्येकाचे भरावे लागते, तान्ह्याचेही. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि पूर्ण फुकट असते. त्याचे पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नाही, असे समजा.

सिंगापूरच्या व्हिसाचे शुल्क 30 सिंगापूर डॉलर, आणि ते लेकरालाही लागू. तिघांचे 90, त्यावर एजंटचा आकार. व्हिएतनामचा ई-व्हिसा 25 अमेरिकी डॉलर, तोही प्रत्येकी. बालीला विमानतळावरचा व्हिसा 5 लाख इंडोनेशियन रुपिया, शिवाय बेटाचा पर्यटक कर दीड लाख रुपिया. सहा महिन्यांचे बाळ असले तरी दोन्ही भरा. युरोपचा शेंगेन व्हिसा मोठ्यांना 90 युरो असला तरी सहा वर्षांखालच्या मुलाला फुकट, सहा ते अकरा वयाला 45 युरो. व्हिसा नाकारला तर हे पैसे परत मिळत नाहीत. व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे, आणि किमान 30 हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा.

पासपोर्टच काढायचा नसेल तर नेपाळ आणि भूतान आहेतच. तिथे मोठ्यांना मतदार ओळखपत्र चालते. 15 वर्षांखालच्या मुलाला नेपाळसाठी आधार, भूतानसाठी जन्मदाखला. भूतान भारतीयांकडून माणशी रात्रीला 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क घेते. सहा ते बारा वयाला निम्मे, त्याखाली माफ. पाच रात्रींचे जोडप्याचे 12 हजार, लेकराचे शून्य. पण डिसेंबरात थिंफूची रात्र शून्याखाली जाते. माळशेजची थंडी हीच मोठी थंडी मानणाऱ्या घरातल्या वर्षभराच्या पोराला तिथे नेऊ नये, असे माझे मत आहे.

हवामानाचाही खर्चाशी संबंध आहे. आपला हिवाळा म्हणजे तिथला हिवाळा नव्हे. फुकेतला डिसेंबर-जानेवारीत कोरडे, छान ऊन. म्हणून तिथे दर चढे. बालीत याच महिन्यांत पाऊस कोसळतो. म्हणून पॅकेज स्वस्त दिसते. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची बेटे नोव्हेंबरपासून पावसामुळे जवळपास बंद असतात, पश्चिमेचे लंकावी मात्र चांगले.

आसनगावपासून विमानापर्यंत

तानसा धरणाचे पाणी 1892 पासून उताराने आपोआप मुंबईला पोचते. माणसांना वडपे आणि माणकोलीची कोंडी ओलांडावी लागते. शहापूरहून टर्मिनल दोन साधारण 75 किलोमीटर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला, पण आमण्याला उतरल्यावर पुढे तोच नाशिक महामार्ग, तीच रुंदीकरणाची कामे आणि तेच ट्रक. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचायचे असते. त्यावर रस्त्याचे तीन तास धरा.

गाडी ठरवताना ‘रिकामी परत येणार’ म्हणून दोन्हीकडचे भाडे लावतात, पार्किंग आणि टोल वेगळा. गावातली ओळखीची इको किंवा अर्टिगा शहरातल्या टॅक्सीपेक्षा स्वस्त पडते, आणि चालक रात्री दोन वाजता दारात येतो.

विमान दिवसाचे असेल आणि बॅगा दोनच असतील, तर लोकलही चालेल. आसनगाव किंवा आटगावहून घाटकोपर, तिथून मेट्रो 1 ने मरोळ नाका, मग मेट्रो 3 ने थेट टर्मिनल दोनचे स्टेशन. लोकलला पाच वर्षांखालचे मूल फुकट. मुरबाडकरांना कल्याणपर्यंत एसटी. तिथे महिलांना निम्मे भाडे, पाच वर्षांखाली तिकीटच नाही. परदेशी विमाने बहुतेक रात्री-पहाटे सुटतात आणि मेट्रो तेव्हा झोपलेली असते, म्हणून हा मार्ग येतानाच जास्त उपयोगी. तिकिटावर विमानतळाचे नावही वाचा. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून ‘मुंबई’ म्हणजे दोन जागा झाल्या आहेत.

पिशवीत काय भरायचे, यालाही किंमत आहे. बाळाचे दूध, पेज, उकळलेले पाणी 100 मिलीच्या नियमातून सुटते. प्रवासापुरते हवे तेवढे केबिनमध्ये नेता येते. सुके खोबरे चेक-इन बॅगेत चालत नाही. सगळ्यांत धोक्याची गोष्ट खसखस. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोडते, आणि आपल्या अनारशांवर, गोड्या मसाल्यात, बाळंतिणीच्या लाडवात ती सर्रास असते. फराळाचा डबा भरताना आजीला हे आधी सांगा, नाहीतर ती प्रेमाने घालणारच. लेकराच्या मनगट्या आणि सोनसाखळी घरी ठेवा. नेल्याच तर जाताना विमानतळावर सीमाशुल्क खात्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना ते सोने तिकडचे नाही हे सिद्ध करावे लागत नाही.

हॉटेलचा दर विचारताना लेकरू पलंगासह की पलंगाशिवाय, हे स्पष्ट विचारा. तीन वर्षांच्या मुलाला वेगळा पलंग घेऊन पैसे भरणारे बरेच. मूल झोपते आईच्या कुशीतच. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशात साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार आणि त्यावर जीएसटी बसतो. फॉरेक्स कार्ड बरे. प्रवासविमा आशियातल्या आठवड्यासाठी माणशी काही शे रुपयांत येतो. ताप, जुलाब, कान दुखणे, एवढ्यासाठी तिकडच्या खाजगी दवाखान्यात जे मोजावे लागते ते पाहता विम्यावर घासाघीस करू नका. विमान चढता-उतरताना लेकराला पाजत राहिले की कानाचा त्रास बराच टळतो, आणि त्याला काही खर्च नाही.

शेवटचा मुद्दा बिलाचा. टूर कंपनीच्या पॅकेजवर 5 टक्के जीएसटी असतो, आणि त्याखाली टीसीएस नावाची आणखी एक ओळ. 2025-26 या आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंतच्या परदेशी पॅकेजवर तो 5 टक्के होता. दर अर्थसंकल्पानुसार बदलतो. 2 लाखांच्या पॅकेजवर तेव्हाचे 5 टक्के म्हणजे 10 हजार. जीएसटी गेला तो गेला. टीसीएस मात्र तुमच्या नावावर जमा असलेला आगाऊ प्राप्तिकर आहे आणि विवरणपत्र भरल्यावर करात वळता होतो किंवा परत मिळतो. शहापूर-मुरबाडच्या कितीतरी घरांत उत्पन्न शेतीचे, त्यावर कर नाही, म्हणून विवरणपत्र भरायची सवयही नाही. अशा घरात हे पैसे सरकारजमाच राहतात. पॅकेजचे बिल घरातल्या नोकरी असलेल्या, दर वर्षी विवरणपत्र भरणाऱ्या माणसाच्या पॅनवर करून घ्या. तसा कुणी नसेल, तर परत आल्यावर फॉर्म 26एएस मध्ये ती रक्कम दिसते का हे पाहून पुढच्या 31 जुलैच्या आत शहापूरच्या एखाद्या कर सल्लागाराकडून विवरणपत्र भरा. त्याची फी परत मिळणाऱ्या रकमेपेक्षा बहुधा कमी असते.