काँक्रीटच्या घरातली चित्रं

प्रश्न : पुढच्या महिन्यात आम्ही चंदीगडला जाणार आहोत. तिथलं कलासंग्रहालय म्हणजे काँक्रीटचं रुक्ष खोकं, असं ऐकलं. आईला सोबत नेऊन वेळ घालवावा का?

उत्तर : जरूर न्या. सेक्टर १० मधली ही वास्तू वास्तुविशारद ल कॉर्बुझिएची, १९६८ साली खुली झालेली. बाहेरून विटा आणि गिलावा न केलेलं काँक्रीट. या शैलीला ‘ब्रुटलिझम’ म्हणतात, पण त्या नावाचा क्रौर्याशी संबंध नाही. ‘कच्चं काँक्रीट’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून ते आलं. भिंतीजवळ उभं राहा. सेंटरिंगच्या फळ्यांचे ठसे दिसतील, लाकडाच्या रेषांसकट. काँक्रीट ओतणाऱ्या मजुरांच्या हातांची ही खूण मला कुठल्याही संगमरवरापेक्षा मोलाची वाटते.

आत शिरल्यावर घाई करू नका. उताराच्या रॅम्पवरून सावकाश वर चढा आणि छतातून झिरपणारा प्रकाश कसा पसरतो ते पाहा. वरच्या दालनांत गांधार शिल्पं आहेत. फाळणीनंतर लाहोरच्या संग्रहालयातला ठेवा दोन देशांत वाटला गेला, त्यातला भारताचा वाटा इथे आला. करड्या भिंतींपुढे त्या काळसर दगडातल्या बुद्धाच्या वस्त्रांच्या चुण्या फार स्पष्ट उमटतात. पहाडी लघुचित्रं मात्र अगदी जवळून पाहावी लागतात. आईंचा वाचायचा चष्मा विसरू नका.

सकाळी जा, दोन-अडीच तास हाताशी ठेवा. सोमवारी संग्रहालय बंद असतं.