वाटेची कविता : रूप आणि नाद



फर्दापूर हे गाव अजिंठ्याच्या घाटाखाली, जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गावाजवळून शेतांकडे लहान वाटा जातात. अशाच एका वाटेवर या पाठासाठी चार ओळी रचल्या आहेत. त्या मोठ्याने वाचा.

वाट वळते मळ्यात
दोन्ही बाजूंना बाभळी
गाडी खडखड चाले
धूळ उडते सावळी

आता पहिल्या ओळीतील अक्षरे बोटांवर मोजा : वा, ट, व, ळ, ते, म, ळ्या, त. आठ झाली ना? चारही ओळींत आठच आहेत. म्हणून या रचनेला अष्टाक्षरी म्हणतात. अक्षर ऱ्हस्व असो की दीर्घ, ते एकच मोजावे. 'ळ्या' हे जोडाक्षरही एकच. उर्दू शायरीत वजन पाहताना लहानमोठ्या आवाजांचा हिशेब ठेवतात. येथे तसा ठेवत नाहीत. मात्र चालीवर म्हणताना 'वाट'मधील 'ट' पूर्ण उच्चारावा, नाहीतर एक अक्षर कमी पडेल.

दुसरी व चौथी ओळ पाहा : बाभळी, सावळी. हे यमक होय. उर्दूत आपण यालाच काफिया म्हणतो.

आता नाद ऐका. 'खडखड' म्हणताच दगडावरून जाणारे चाक ऐकू येते. 'ळ' तर पाच वेळा आला आहे. उर्दूत हा आवाज नाही, म्हणून आपण पुष्कळदा 'ल' म्हणतो. शाळेत असताना मी 'मळा' हा शब्द 'मला' असा वाचला आणि सारा वर्ग हसला. मळा म्हणजे बागायती शेत. मला म्हणजे 'मुझे'. एका आवाजाने अर्थ बदलला! हसण्याच्या भीतीने मी कविता वाचणेच सोडले होते. तुम्ही तसे करू नका. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावा आणि सोडा. वाट वळते, तशी जीभही वळते.

जळगावजवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. तरी त्यांची कितीतरी गाणी याच आठ अक्षरांच्या मापात आहेत. त्यांचे माप कानात होते. तुम्हीही कविता आधी कानाने शिका.

स्वाध्याय
१. चौथ्या ओळीतील अक्षरे सुटी करून लिहा.
२. 'ळ' असलेले पाच शब्द शोधा व मोठ्याने म्हणा.
३. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर आठ अक्षरांच्या दोन ओळी रचा.