अपेक्षित काय, धोक्याचे काय?

अमेरिकेत परिचारिका व्हायचे तर ‘एनक्लेक्स’ ही परवाना परीक्षा द्यावी लागते. तिची तयारी करणाऱ्या पुण्यातील परिचारिका एका प्रश्नाशी हमखास अडखळतात : चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जाल? अशा वेळी पाहावे, या अवस्थेत हे लक्षण अपेक्षित आहे का?

बाळंतपणानंतर पहिले ३-४ दिवस लाल स्राव जातो, हे अपेक्षितच. मात्र तासाभरात पॅड पूर्ण भिजले, तर तो धोका. नवजात बाळाचे वजन पहिल्या आठवड्यात ७ टक्क्यांपर्यंत घटू शकते, साधारण दोन आठवड्यांत भरून येते. पण जन्मानंतर २४ तासांच्या आत कावीळ दिसली, तर आधी त्याच बाळाकडे जावे.

घरात बाळंतीण असेल, तर वाचकांनीही धोक्याची ही दोन लक्षणे ध्यानात ठेवावीत. दिसताच रुग्णालय गाठावे.