सायकलचे फ्रीव्हील काढले तर?

लहानपणी तुम्ही तीनचाकी चालवली असेल. तिची पायडले थेट पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेली असतात. चाक फिरते तोवर पायडलही फिरते. उतारावर गाडी सुटली, की पाय वर उचलून धरण्यावाचून गत्यंतर नसते. मोठ्या सायकलवर मात्र आपण उतारावर खुशाल पाय स्थिर ठेवून बसतो, आणि मागून ‘टिक टिक टिक’ असा आवाज येत राहतो. तो आवाज फ्रीव्हीलचा. त्याच्या आत करवतीसारखे दाते असतात व त्यांत अडकणारे, स्प्रिंगने दाबलेले दोन लहान खटके असतात. मिस्त्री लोक त्यांना ‘कुत्री’ म्हणतात. पायडल पुढे मारले की कुत्री दात्यांत अडकतात आणि चाक ओढले जाते. पाय थांबला की ती दात्यांवरून नुसती घसरतात.

हे फ्रीव्हील काढून चेनचे चक्र चाकाला पक्के जोडले, तर ती ‘फिक्स्ड गिअर’ची सायकल झाली. धावपट्टीवरच्या शर्यतींत अशाच सायकली वापरतात. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेल्या लाकडी धावपट्टीवर तुम्ही गेलात, तर तेथील सायकलींना ना फ्रीव्हील दिसेल, ना ब्रेक. हे पाहून अलीकडे शहरांतील मुले जुन्या शर्यतीच्या सायकली तशा करून घेऊ लागली आहेत.

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातील अकरावीचा एक विद्यार्थी असाच एके दिवशी माझ्याकडे आला. दोन्ही कोपरांची साल गेलेली. मामाची दहा गिअरची जुनी सायकल त्याला मिळाली होती. गिअर बदलण्याचे साहित्य त्याने काढून टाकले, ‘शोभत नाहीत’ म्हणून ब्रेकही काढले, आणि फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम करून घेतले. चार दिवस सायकल उत्तम चालली. पाचव्या दिवशी गजानन महाराज मंदिराच्या चौकाकडे जाताना समोर रिक्षा थांबली. त्याने पायडल मागे दाबून वेग आवरायचा प्रयत्न केला, तर पायडले मोकळीच मागे फिरली आणि सायकल पुढे जात राहिली! त्याचा प्रश्न होता, “सर, वेल्डिंग तुटलं कसं?”

आम्ही चाक उघडून पाहिले. वेल्डिंग शाबूत होते. सुटले होते ते आटे.

फ्रीव्हील हबवर स्क्रूसारखे आट्यांनी बसवलेले असते. उजव्या बाजूने पाहिले असता सायकल पुढे जाताना चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, आणि आटेही त्याच दिशेने आवळणारे असतात. म्हणजे जितके जोराने पायडल माराल तितके फ्रीव्हील अधिक घट्ट बसते. मग उलट जोर दिल्यावर ते सैल का होत नाही? कारण उलट जोर तेथवर पोचतच नाही, कुत्री घसरतात. आमच्या विद्यार्थ्याने कुत्री जाम केली आणि आट्यांचे हे संरक्षण स्वतःच्या हाताने काढून घेतले.

हा उलटा जोर किती असतो, हे काढून पाहू. समजा, पायाने ३०० न्यूटन बल लावले; सुमारे ३० किलोग्रॅम वजनाइतके. क्रँकची लांबी १७ सेंटिमीटर, म्हणून बलाचा आघूर्ण ३०० × ०.१७ = ५१ न्यूटन-मीटर. चेनच्या दोन कड्यांतील अंतर १२.७ मिलिमीटर असते, त्यामुळे ४२ दात्यांच्या पुढच्या चक्राची त्रिज्या ४२ × १२.७ ÷ २π, म्हणजे सुमारे ८५ मिलिमीटर येते. चेनमधील ताण ५१ ÷ ०.०८५ = ६०० न्यूटन. मागच्या १६ दात्यांच्या चक्राची त्रिज्या सुमारे ३२ मिलिमीटर. म्हणून आटे उलगडणारा आघूर्ण सुमारे १९ न्यूटन-मीटर. फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला सहा-साडेसहा किलोग्रॅमचे वजन टांगावे तसे हे झाले.

धावपट्टीच्या सायकलच्या हबवर याचा उपाय मोठ्या युक्तीने केलेला असतो. तिथे आट्यांचे दोन टप्पे असतात. मोठ्या व्यासाच्या नेहमीच्या उजव्या आट्यांवर चक्र बसते. त्याच्या बाहेर, किंचित लहान व्यासाच्या टप्प्यावर, डाव्या आट्यांची एक कडी आवळतात. मागे दाबल्यावर चक्र सैल होऊ पाहते आणि जाताजाता कडीलाही आपल्याबरोबर फिरवू लागते. पण कडीचे आटे उलटे असल्याने ती त्या दिशेने फिरताना सैल न होता आवळली जाते व चक्राला अडवते. घरातल्या टेबलफॅनची पाती धरून ठेवणारी टोपी बहुधा उलट्या दिशेने फिरवून काढावी लागते, ती याच जातीची युक्ती. तेव्हा ज्याला सायकल बदलायची आहे, त्याने असा हब असलेले मागचे चाक घ्यावे. त्यात काटकसर नको. काही हबना एका बाजूला पक्के चक्र व दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसते. चाक उलटे बसवले की सायकल पुन्हा साधी.

दुसरी अडचण चेनच्या ताणाची. गिअर बदलणाऱ्या सायकलला सैल चेन ओढून धरणारी स्प्रिंगची व्यवस्था असते. येथे ती चालत नाही, कारण मागे दाबताना ताण चेनच्या खालच्या भागावर येतो. म्हणून चाकच मागे ओढून चेन ताणावी लागते. चेन कमी-जास्त करता येते ती दोन कड्यांच्या जोडीने, म्हणजे २५.४ मिलिमीटरने. चेन वरून जाते व खालून परत येते, त्यामुळे आस याच्या निम्मा, अर्धा इंच, सरकला पाहिजे. जुन्या सायकलींच्या सांगाड्यात आस बसवण्याची खाच आडवी किंवा तिरपी लांब असते, म्हणून त्या या कामाला बऱ्या. सरळ उभ्या खाचेचा सांगाडा घेऊ नये.

आता वेगाचा हिशेब. ४२ भागिले १६ म्हणजे २.६२५, चाकाचा परीघ २.१ मीटर धरला तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर जाते. ताशी २० किलोमीटरला मिनिटाला ६० फेरे, हे सुखाचे आहे. पण खुलताबादहून दौलताबादच्या घाटाने उतरताना वेग ४० झाला, तर १२० फेरे, म्हणजे सेकंदाला दोन. आणि थांबण्याची सोय नाही! इटलीच्या फिलिप्पो गान्नाने ऑक्टोबर २०२२मध्ये तासाभरात ५६.७९२ किलोमीटर अंतर कापले, ते पुढे ६५ व मागे १४ दाते लावून. त्याचे पाय मिनिटाला किती फेरे घेत होते? मी सुमारे ९७ काढले आहेत. तुम्ही पडताळून पाहा.

“पायाने थांबवता येते, मग ब्रेक कशाला?” असे मुले विचारतात. पायाने फक्त मागचे चाक अडते. वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर सरकतो, मागचे हलके होते आणि त्याचे घर्षण घटते. चाकांतील अंतर १ मीटर, गुरुत्वमध्य १.१ मीटर उंच व पुढच्या आसापासून ०.५५ मीटर मागे, आणि कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला, तर फक्त मागच्या चाकाने जास्तीत जास्त २.१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी मंदता मिळते. पुढच्या ब्रेकने, मागचे चाक उचलले जाण्याच्या बेतापर्यंत, ४.९ मिळते. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल पहिल्या रीतीने ११ मीटरांत थांबेल, दुसरीने ५ मीटरांत. हा आदर्श हिशेब आहे. पावसात दोन्ही आकडे वाढतील. धावपट्टीवर सारे एकाच दिशेने जातात, कोणी अचानक थांबत नाही, म्हणून तेथे ब्रेक नसणेच सोयीचे. आपल्या चौकात तसे नाही. पुढचा ब्रेक काढू नये.

मी स्वतः त्या मुलाची दुरुस्त केलेली सायकल गल्लीत चालवून पाहिली. आटे, आघूर्ण सारे पाठ. तरी गतिरोधक दिसताच सवयीने पाय थांबवले, आणि पायडलाने मला खोगिरावरून वर फेकले. पडलो नाही इतकेच. वळणावरही हीच गोष्ट: आतले पायडल वर धरता येत नाही, फार झुकलात तर ते जमिनीला लागते. आणि पँटची मोहरी दुमडून बांधा. चेनमध्ये अडकली तर पाय आपोआप सुटणार नाही.

शेवटी एक गंमत. काही मुले पाय आखडून मागचे चाक घासत नेतात. दर वेळी उजवा पाय पुढे ठेवूनच घासले, तर टायर ठरावीक जागीच झिजते. ४८ व १६ दात्यांचे गुणोत्तर ३ : १, म्हणून पायडल त्या स्थितीत आले की टायरची नेमकी तीच एक जागा खाली; टायर थोड्याच दिवसांत तेथे फाटेल. ४२ व १६चे संक्षिप्त रूप २१ : ८, म्हणून झीज ८ जागी वाटली जाते. ४२ व १७ला तर १७ जागी. आता समजा, कधी उजवा तर कधी डावा पाय पुढे ठेवून घासले. ४२ व १६साठी किती जागा होतील? आणि ४२ व १५साठी जागा वाढत का नाहीत?