बाजरी आणि तूर : बांधावरील एक पाठ

(इयत्ता पाचवी ते सातवी)

कोरडवाहू भागातील अनेक शाळांच्या वाटेवर खरिपात बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ उभी दिसते. विद्यार्थी हे दृश्य रोज पाहतो. परंतु असे का पेरतात, हे विचारले असता "आजोबा असेच पेरीत" एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे नाही. त्यामागील कारणे उलगडून दाखविणे हे मात्र शाळेचे काम होय.

पेरणी : तिफणीच्या मधल्या तासात तूर आणि कडेच्या दोन्ही तासांत बाजरी पेरली, म्हणजे पाळीस पाळी लागून तुरीच्या दोन ओळींमध्ये बाजरीच्या दोन ओळी आपोआप येतात. तूर कडेच्या तासात घेतल्यास काय होईल, हे विद्यार्थ्यांनी पाटीवर रेघा ओढून शोधावे.

निरीक्षण : भाद्रपदाच्या सुमारास वर्गाला जवळच्या शेतात न्यावे. मालकाची परवानगी आधी घ्यावी. नुकतीच औषधफवारणी झालेल्या शेतात मुलांना नेऊ नये. दोन्ही पिकांचे एकेक रोप मातीसह खणून काढावे. बाजरीची मुळे तंतुमय असून बहुतांशी वरच्या थरात पसरतात. तुरीचे सोटमूळ खोल जाते. बाजरी सुमारे तीन महिन्यांत निघते. तूर आरंभी सावकाश वाढते आणि बाजरी निघाल्यावर मोकळी जागा व्यापून पाच-सहा महिन्यांनी तयार होते. म्हणून पाणी, ऊन आणि जागा यांसाठी दोहोंत ओढाताण कमी होते.

तुरीच्या मुळांवरील गाठी पाण्याने धुऊन कापून पाहाव्यात. आत गुलाबी रंग दिसल्यास गाठ कार्यक्षम आहे असे समजावे. त्यांतील रायझोबियम जीवाणू हवेतील नत्र पिकाला उपयोगी अशा रूपात आणतात. हेलरिगेल व विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी 1888 मध्ये याचा सविस्तर पुरावा मांडला.

येथे एक सावधगिरी बाळगावी. "तूर बाजरीला खत पुरविते" असे सरसकट सांगण्याचा मोह होतो. वस्तुतः गाठींतील बहुतेक नत्र तूर स्वतःच वापरते. त्यामुळे जमिनीतील नत्रावर तिचा भार कमी पडतो, आणि गळालेला पाला व मुळे कुजल्यावर पुढील पिकास लाभ होतो. शेतकऱ्याचे मूल ही गोष्ट घरी सांगणार आहे. ती अचूकच असली पाहिजे.

गणित : उदाहरणासाठी असे मानावे की, एका एकरात नुसती बाजरी 10 क्विंटल अथवा नुसती तूर 6 क्विंटल येते, एकत्र पेरल्यास बाजरी 8 आणि तूर 3 क्विंटल मिळते. तर 8/10 + 3/6 = 1.3. म्हणजे एवढेच धान्य वेगवेगळे पिकविण्यास 1.3 एकर जमीन लागली असती. बाजरी दोन क्विंटलांनी घटली, हेही विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावे.

भूगोल : मेक्सिकोत मका, घेवडा व भोपळा एकत्र लावण्याची 'मिल्पा' पद्धत प्राचीन काळापासून चालत आली आहे. तेथे घेवड्याचा वेल मक्याच्या ताटाचा आधार घेतो. नकाशावर तो देश दाखवून दोन्ही पद्धतींतील साम्य व भेद विचारावेत.

आरोग्य : बाजरीत लायसिन या घटकाची उणीव असते, ती तुरीचे वरण भरून काढते. शेतातील जोडी ताटातही जोडीनेच येते.

समारोप : पाऊस मध्येच उघडला आणि बाजरी हातची गेली, तरी परतीच्या पावसावर तूर सावरण्याची आशा राहते. दोन्ही पिके बुडण्याची वर्षेही येतात. पण लहान शेतकऱ्याच्या घरी एका पिकावर सारी भिस्त न ठेवणे म्हणजे वर्षाच्या जेवणाची तरतूद होय. अशा वर्षी घरी काय घडले, हे विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहून आणावे. या पाठात शेतकरी हाही शिक्षकच आहे, ही जाणीव वर्गात रुजली, तर पाठ सफल झाला असे समजावे.