फुटकी बॅटरी

हुपरी हे चांदीचे गाव. घरोघर पैंजण आणि वाळे घडतात. भट्टी आपल्या ओळखीची, तेजाबही आपल्या ओळखीचे. दागिना उजळताना आपण ते जपून हाताळतो. पण तेजाबाने भरलेला एक डबा आपल्या घरातही असतो. तो इन्व्हर्टरजवळ असतो, ट्रॅक्टरवर असतो, पुरात धावणाऱ्या नावेच्या इंजिनाजवळ असतो. तो डबा म्हणजे बॅटरी.

बॅटरीला चीर पडते. आपण म्हणतो, "थोडंच गळतंय, चालतंय की!" पण ते चालत नाही. का, ते पाहू.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या प्लेटा आणि पाणी घातलेले गंधकाचे तेजाब असते. चिरेतून तेजाब झिरपते. त्याने कातडी भाजते, कापडाला भोके पडतात. डोळ्यात थेंब गेला तर दृष्टीही जाऊ शकते.

तेजाब कमी झाले की प्लेटा उघड्या पडतात. अशी बॅटरी चार्जिंगला लावली की तापते. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेच्या १०० भागांत ४ भाग हायड्रोजन झाला, की एक ठिणगी पुरते. विडी पेटवली किंवा ढिली तार हलली, तरी बॅटरी फुटते. तेजाब तोंडावर उडते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला होता. अशा पुरात बुडालेली बॅटरी वरून पुसून लगेच वापरू नये. आधी जाणकाराला दाखवावी.

बॅटरी फुटली, गळली किंवा फुगली तर असे करावे :

१. चार्जिंग बंद करावे. विडी, काडी, दिवा दूर ठेवावा. खिडक्या उघडाव्यात.
२. रबरी हातमोजे आणि चष्मा घालून बॅटरी उभीच प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवावी. आडवी करू नये.
३. चिरेला चिकटपट्टी किंवा डांबर लावून ती पुन्हा वापरू नये.
४. सांडलेल्या तेजाबावर खाण्याचा सोडा टाकावा. मात्र अंगावर किंवा डोळ्यात सोडा घालू नये.
५. अंगावर तेजाब उडाले तर कपडे काढून वाहत्या पाण्याने निदान २० मिनिटे धुवावे. डोळाही तसाच धुवावा आणि लगेच डॉक्टरकडे जावे.

आणखी एक मोह आपल्या गावात होऊ शकतो. "भट्टी आहेच, त्यात शिसं आटवू, चार पैसे मिळतील!" असे करू नका. शिसे ३२७ अंशाला वितळते, तर चांदी ९६१ अंशाला. चांदीच्या भट्टीत शिशाचा धूर होतो. तो अंगावर, जमिनीवर, भाकरीवर बसतो आणि पोरांच्या पोटात जातो. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. रक्तात किती शिसे चालेल? जागतिक आरोग्य संघटना सांगते, सुरक्षित असे प्रमाणच नाही.

म्हणून जुनी बॅटरी दुकानदाराकडे द्यावी. नवी घेताना तिचे पैसे वजाही होतात. वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या सरकारी नियमांनी बॅटरी करणाऱ्यांवर टाकली आहे.

चार पैशांसाठी पोरांचे डोके आणि आपले डोळे गहाण टाकू नयेत.

उत्तरे सांगा :
१. फुटकी बॅटरी चार्ज का करू नये?
२. अंगावर तेजाब उडाले तर प्रथम काय कराल?
३. बॅटरीतले शिसे भट्टीत का आटवू नये?