तुडतुड्याचा आहार

कुंभकोणमजवळील नाचियारकोविल हे गाव पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. भोवताली मात्र कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातखाचरे पसरलेली आहेत. भाताच्या बुंध्याशी राहणारा तपकिरी तुडतुडा केवळ रस शोषून जगतो. या रसात साखर विपुल असते. प्रथिने घडविणारी अमिनो आम्ले मात्र अत्यल्प. म्हणून तो भरपूर रस पितो व जादा साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. शिवाय त्याच्या शरीरातील यीस्टसारखे सूक्ष्मजीव टाकाऊ यूरिक आम्लातील नत्र वापरून पुन्हा अमिनो आम्ले बनवितात. केवढी ही काटकसर! शेतकऱ्याने नत्रखताचा अतिरेक केला की रसातील ही उणीव भरून निघते. माद्या अधिक अंडी घालतात आणि हिरव्यागार खाचरात जागोजागी वाळलेल्या भाताची वर्तुळे दिसू लागतात.